हिरव्या दोऱ्याची किटली

मावशी कामावर पोचली की हातमोजे घालायच्या आधी टोस्टर शोधायची. शेडच्या दाराशी लोखंडी जाळीचे उंच पिंजरे ओळीनं उभे असत आणि त्यांत लोकांनी घरातून काढून टाकलेली विजेची उपकरणं कोंबलेली असत. इस्त्र्या, मिक्सर, टेबलपंखे, केस वाळवायची यंत्रं, किटल्या. त्या ढिगातून हाताला लागतील तेवढे टोस्टर ती उपसून काढी, तान्ह्या पोराचा ढेकर काढावा तसं एकेकाच्या पाठीवर थोपटी, आणि खाली पडलेला पावाचा चुरा मिक्सरच्या झाकणात गोळा करून कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवी. चिमण्या आधीच येऊन बसलेल्या असत.

"इथं कामाला येतेस की चिमण्या पाळायला?" मुकादम रोज विचारायचा.

"चिमण्या बऱ्या. खाऊन झालं की उडून जातात. काही लोक खुर्चीवर बसूनच राहतात," मावशी म्हणायची आणि मोजे चढवायची.

मोजे चढले की दिवसभर तिचं एकच काम. पिंजऱ्यातून वस्तू उचलायची, तिची वायर कटरनं कापायची, वस्तू एका ढिगावर आणि वायर दुसऱ्या ढिगावर टाकायची. वायरीत तांबं असतं, म्हणून तिचा ढीग वेगळा. वस्तूपासून वीतभर अंतरावर कापायचं, असा तिथला शिरस्ता होता. फार जवळ कापलं तर कटरचं पातं वस्तूच्या कवचावर आपटून बोथट होई, फार लांब कापलं तर तांबं वाया जाई. बायका आपापली वीत लावून कापत. मावशीची वीत लहान होती, पण तिचा काप सगळ्यांत सरळ. डेपोत तिला सगळे 'कात्री' म्हणत. हातामुळे म्हणत की जिभेमुळे, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

वायर कापल्यावर वस्तू पट्ट्यावर चढत आणि पट्टा त्यांना क्रशरच्या तोंडात नेऊन सोडी. पलीकडून चुरा बाहेर पडे. लोखंडाचा, प्लास्टिकचा, तांब्याचा, सगळा वेगवेगळा. डेपोच्या दारावर हिरव्या पानांचं चित्र होतं. शाळेची मुलं पाहायला येत, तेव्हा साहेब त्यांना त्या चित्राखाली उभं करून सांगत की इथं काहीच वाया जात नाही.

मावशीला त्या वाक्याचा राग यायचा. तो मनातल्या मनात ठेवायचा राग नव्हता. घरी आल्यावर चपला काढता काढता ती सुरू करायची. "काहीच वाया जात नाही म्हणे! आज एक इस्त्री आली, खोक्यासकट. आतला कागदसुद्धा फाडलेला नाही. कुणाला आहेर आला असेल, आवडला नसेल. मी कापली. का? तर आली म्हणजे कचरा. मुकादमाला म्हटलं, एकदा पिन लावून बघू द्या. तर म्हणतो, शेडमध्ये पिन लावायला जागाच नाही."

ते खरं होतं. ज्या शेडमध्ये दिवसाला पिंजरेच्या पिंजरे भरून विजेच्या वस्तू येत, तिथं प्लग लावायला एकही पॉइंट ठेवलेला नव्हता. मुद्दाम ठेवलेला नव्हता. उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांशी डेपोचा करार होता. आलेली वस्तू पुन्हा कुणाच्या घरात वापरात जाणार नाही, याची हमी डेपोनं द्यायची. जुनी मिळाली तर नवी कोण घेईल, एवढाच त्याचा अर्थ. कागदावर मात्र त्याला ग्राहकांची सुरक्षितता म्हटलेलं होतं. वस्तू चालू आहे का, हे कुणी तपासायचं नाही. चालू आहे हे कळलं तर कापणाऱ्याचा हात अडखळेल, हे करार लिहिणाऱ्याला बरोबर ठाऊक असावं.

मावशीचा हात तसाही अडखळायचा. लग्नाआधी ती शिवणकामाच्या कारखान्यात होती. कापलेलं जोडायची सवय तिच्या बोटांत आधीपासूनच होती. काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, पाठ एका अपघातात कायमची गेली आणि घर चालवायला ती डेपोत आली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिला नुसतं कापायचंच काम मिळालं. ती गमतीनं म्हणायची, "आधीच्या जन्मीचं उसवायला बसवलंय मला."

मग केव्हातरी तिनं सुरुवात केली. कापलेल्या ढिगातून एखादी वस्तू ती बाजूला सरकवी, हलवून कानाशी नेई, वास घेई. जळका वास नाही, आत काही खुळखुळत नाही, म्हणजे जीव असावा, असा तिचा हिशेब. वायरींच्या ढिगातून एखादी धडधाकट वायर निवडी, आणि दोन्ही गोष्टी जेवणाच्या पिशवीत घालून घरी आणी. कितीदा तरी तिचा अंदाज चुके. जोडून पिन लावली तरी वस्तू ढिम्म. मग काका पलंगावरून म्हणत, "आणलं आणखी एक प्रेत!" दुसऱ्या दिवशी मावशी ते प्रेत त्याच पिशवीतून परत डेपोत नेऊन ढिगावर टाकी. नेलेली वस्तू न चालल्यास इमानदारीनं परत आणून ठेवणारा चोर जगात दुसरा कुणी झाला असेल, असं मला वाटत नाही.

ज्या चालत, त्यांचा सांधा मात्र पाहण्यासारखा असे. आतल्या तारा ती एकाच ठिकाणी जोडत नसे. एक सांधा पुढे, एक मागे, म्हणजे एकाचा दुसऱ्याला स्पर्श नको. प्रत्येकावर वेगळी टेप, मग सगळ्यांवर मिळून टेप. इथंवर कुणीही करील. पण ती काळी टेप तिला उघडीवाघडी वाटे. म्हणून तिच्यावर ती शिवणाच्या डब्यातला उरलेला रंगीत दोरा गुंडाळायची, वेढ्याला वेढा चिकटवून, गाठ आत लपवून. पांढऱ्या वायरीला काळी वायर जोडलेली आणि मध्ये दोऱ्याची पिवळी नाहीतर जांभळी पट्टी. आमच्या चाळवजा इमारतीत जिन्या-जिन्यावर असे रंगीत सांधे होते. एका घरी इस्त्री, दुसऱ्या घरी पंखा. ताईच्या, म्हणजे मावशीच्या मुलीच्या वसतिगृहात केस वाळवायचं यंत्र होतं, ते अख्खा मजला वापरायचा. गेटवरच्या वॉचमनकडे निळ्या दोऱ्याचा रेडिओ होता. मावशीची पिशवी फुगलेली दिसली की तो म्हणे, "कात्रीबाई, आज डबा बराच मोठा आणला होता?" आणि आवाज वाढवून रेडिओ ऐकत बसे.

यातून ती काही मिळवत नव्हती. कुणी काही हातावर ठेवायला गेलं तर म्हणायची, "मी कापलंय, मीच जोडलं. हिशेब फिटला." हीटर मात्र तिनं एकदाच जोडला. तो एका घरात पडद्याजवळ ठेवला गेला आणि पडदा पेटला. कुणाला काही झालं नाही, पण त्यानंतर हीटर दिसला की ती दोनदा कापायची.

हिरव्या दोऱ्याची किटली वरच्या आजींची होती. वरच्या आजी म्हणजे मावशीच्या डोक्यावरच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या निवृत्त ग्रंथपाल. त्यांचे हात थरथरत. गॅस पेटवताना काडी खाली पडे, आणि सकाळचा चहा हवा तर शेजारच्या कुणाची तरी वाट पाहत बसावं लागे. कुणापुढे हात पसरण्याचा त्यांना फार संकोच. "चहासाठी वाट पाहणं वाईट नाही गं," त्या एकदा मावशीला म्हणाल्या, "वाट पाहताना चेहरा हसरा ठेवावा लागतो, ते वाईट." मावशीनं ते ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात एक किटली वर गेली. बटण दाबायचं, पाणी उकळलं की आपोआप बंद. किटलीखालच्या बैठकीतून निघालेली वायर पांढरी, पुढे काळी, मध्ये गवतासारखा हिरवा दोरा. त्यानंतर कितीतरी वर्षं सकाळी छतातून आधी किटलीचा घरघराट ऐकू यायचा आणि मग 'टक'. "उठल्या," मावशी खाली म्हणायची.

मग आजी जिन्यात पडल्या आणि मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला. महिनाभरात खोली रिकामी करायला तो आला, सोबत दोन हमाल. मावशी कामावर होती.

यानंतर जे घडलं ते मावशीच्याच तोंडानं घडलं. पिंजऱ्यात हात घातला आणि किटली हाती आली. आत तळाला अजून पाणी होतं. दुसरं कुणी असतं तर गुपचूप कापून ढिगात लोटून मोकळं झालं असतं. पण आपल्या हातचा टाका परक्या बाजारात दिसला की शिवणारीच्या तोंडून आवाज निघतोच. भरल्या शेडमध्ये मावशी ओरडली, "अगं बाई! ही तर माझी किटली!"

मुकादम मागेच उभा होता. त्यानं किटली हातात घेतली. बैठकीपासून वीतभर अंतरावर सांधा. डेपोतली कुठलीही बाई जिथं कापते, नेमका तिथं. म्हणजे ही वस्तू इथं एकदा येऊन गेलेली होती, कापली गेली होती, आणि तरीही बाहेर जाऊन जिवंत झाली होती. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "माझी म्हणजे? तुझ्या घरची, जुनी, असंच ना? नीट बोल, कात्री."

"माझी म्हणजे मी जोडलेली," मावशी म्हणाली. "वरच्या आजींना दिली होती. आणि हा आतमध्ये पाणी ठेवून टाकून गेला! आईचा चहासुद्धा ओतून नाही दिला मेल्यानं!"

तिचा सगळा संताप आजींच्या मुलावर होता. आपण काय बोलून गेलो, हे तिच्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या बाईनं कोपरानं ढोसलं, तेव्हा आलं.

तिला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं आणि चौकशी लावली. चोरीची चौकशी. डेपोत हा शब्द सकाळी निघाला आणि संध्याकाळपर्यंत आमच्या जिन्यात पोचला. ज्यांच्या घरी रंगीत सांधे होते, त्यांतल्या दोघींनी इस्त्री आणि पंखा गुपचूप मावशीच्या दाराशी आणून ठेवले. "उगाच आमच्यामागे लफडं नको," एक म्हणाली. मावशीनं ते उचलून आत घेतले. "दोरा तरी सोडून आणायचा," एवढंच ती म्हणाली. काका छताकडे पाहत होते. ताईचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू होतं, आणि घरात पगार एकच होता. काय पणाला लागलं आहे, हे बोलून दाखवायची कुणालाच गरज वाटली नाही.

चौकशीच्या दिवशी ताई आणि मी तिच्यासोबत गेलो. आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं, पण उकाड्यामुळे खोलीचं दार उघडंच होतं. टेबलामागे साहेब, त्यांच्या शेजारी मोठ्या ऑफिसातून आलेल्या एक बाई, कडेला मुकादम. टेबलावर मधोमध किटली. तिच्या कानाला कागदाची चिठ्ठी बांधली होती.

"ही तुम्ही ओळखता?" बाईंनी विचारलं.

"ओळखते की. मीच तर ओरडून सांगितलं."

"डेपोतून बाहेर तुम्ही नेली?"

"हो."

"परवानगी घेतली होती?"

"कुणाची घेणार? जिनं टाकली तिचा पत्ता नव्हता. आणि तुम्ही तर तिचा भुगा करायला घेतला होता."

"म्हणजे तुम्ही चोरी केली."

मावशी खुर्चीत पुढे सरकली. "बाई, मला एवढंच सांगा. हा कचरा आहे की वस्तू? कचरा असेल, तर कचरा उचलणाऱ्याला चोर कुठं म्हणतात? आणि वस्तू असेल, तर तुम्ही रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्या हातून काय करून घेताय?"

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "इथं आलेला प्रत्येक नग डेपोच्या मालकीचा. नियम आहे."

"कापायचा नियम मी पाळला. सरळ कापली होती. पुढं जोडायची नाही, असं मला कुणी सांगितलं होतं?"

"हे असले वाद घालू नका," साहेब म्हणाले.

बाई मात्र शांत होत्या. त्यांनी विचारलं, "उद्या तुम्ही जोडलेल्या वायरीनं कुणाला शॉक बसला, कुणाचं घर पेटलं, तर? जबाबदार कोण?"

मावशी खुर्चीत मागे टेकली. बाहेर बाकावर ताईनं माझ्याकडे पाहिलं, कारण आम्हाला तो पडदा ठाऊक होता. मग ती म्हणाली, "मी. जबाबदार मीच. म्हणून तर सांगते, एक टेबल द्या, एक पॉइंट द्या, शिकलेला एक माणूस द्या. तो तपासेल. मी चुकते, तो चुकणार नाही. सगळंच चिरडायचं, कशाला?"

"तो आजचा विषय नाही."

"मग कधीचा आहे?"

वॉचमनला बोलावलं. त्यानं सांगितलं की मी रोज सगळ्यांच्या पिशव्या तपासतो, या बाईंच्या पिशवीत मला कधी काही दिसलं नाही, लपवून नेलं असेल. हे सांगताना तो किटलीकडे पाहत होता. मावशी त्याला म्हणाली, "रेडिओ बरा चालतोय ना?" तो तसाच निघून गेला.

मग साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जरा थांबू म्हणाले. सगळे व्हरांड्यात आले. बाईंनी मावशीला बसायला बाकावर जागा करून दिली, आणि आम्ही चौघी एका बाकावर विचित्र शेजारणींसारख्या बसलो. ऑफिसचा शिपाई ट्रे घेऊन आला. बाईंना चहा, साहेबांना चहा, मुकादमाला चहा. आम्हालाही दिला. तो चांगला स्वभावाचा म्हातारा होता. बाई म्हणाल्या, "वा, गरम आहे अगदी."

सगळे परत आत गेले, मागोमाग ताई आणि मीही शिरलो, तेव्हा टेबलावर किटली नव्हती.

"पुरावा कुठाय?" साहेब उठून उभे राहिले.

शिपाई दारातूनच म्हणाला, "कसला पुरावा साहेब? किटली म्हणताय का? धुऊन पालथी घातलीय. आपली ऑफिसची मागच्या आठवड्यात बंद पडली, ती नाही का आपण खाली पिंजऱ्यात दिली? आज पातेल्यात पाणी तापवावं लागणार म्हणून कटकट करत होतो, तर ही दिसली टेबलावर. झकास उकळते. आणि आपली आपण बंद होते!"

मग ताई फसकन हसली. मुकादमानं तोंडावर रुमाल धरला. बाईंच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते त्यांनी आवरलं. मावशी तेवढी हसली नाही. ती बाईंकडे पाहत होती, आणि मला वाटतं त्या क्षणी तिला खरोखरच वाटलं असावं की आता संपलं, आता सगळ्यांना दिसलं.

किटली पुन्हा टेबलावर आली. चिठ्ठी ओली झाली होती. बाईंनी हातातल्या पेनला टोपण लावलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "हे बघा, मला कुणाचं नुकसान करायचं नाहीये. एवढं करा. ही वायर आत्ता आमच्यासमोर कापा आणि म्हणा, चूक झाली, पुन्हा होणार नाही. प्रकरण मी इथंच मिटवते. उद्यापासून कामावर या."

मुकादमानं घाईघाईनं आपल्या खिशातला कटर काढून तिच्यापुढे ठेवला. "काप ना गं, कात्री. रोजचंच तर आहे."

रोजचंच होतं. मावशीनं कटर हातात घेतला. दुसऱ्या हातानं वायर उचलली, अंगठा हिरव्या दोऱ्यावर फिरवला. ताईनं माझा हात घट्ट धरला. मी मनात म्हणत होते, काप मावशी, काप. दोन टोकंच तर होणार.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही म्हणा, ही बंद पडलेली आहे. मग मी कापते."

"चालू की बंद, हा प्रश्नच नाहीये."

"आत्ता हिचाच चहा प्यायलात तुम्ही."

बाई खाली पाहू लागल्या. मावशीनं पुन्हा विचारलं, पण आता तिचा आवाज चढला. "आंधळ्यासारखं कापा म्हणालात, मी कापत आले. चालू असेल, बंद असेल, बघायचं नाही म्हणालात, नाही बघितलं. आज तर बघितलं ना सगळ्यांनी? तोंडानं चव घेतलीत! आणि तरी म्हणताय काप! कापून काय मिळणार तुम्हाला? मला खाली मान घालायला लावायची, एवढंच ना? मग सरळ तसं सांगा की. त्या बिचारीच्या गळ्याला कशाला हात घालायला लावता?"

तिनं कटर टेबलावर ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला.

साहेबांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं कटर उचलला आणि मावशीकडे न बघता वायर कापली. डेपोच्या शिरस्त्याप्रमाणे वीतभर अंतरावर, म्हणजे नेमकी दोऱ्यावरच. हिरवा दोरा सुटून टेबलावर पसरला. बंद पडलेल्या वस्तूवर कुणी एवढा वेळ घालवत नाही. चार माणसं, एक सकाळ आणि एक करार, हे सगळं एका चालू किटलीला मारायला लागलं, आणि जिच्या हातात तिला जगवायची कला होती, तिचं नाव कागदावर चोर म्हणून लागलं.

त्या दिवशी घरी काकांनी आवाज चढवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"एका किटलीपायी? अगं, कापून टाकायचीस! घरी आणून पुन्हा जोडली असतीस!"

"जोडता येतं म्हणून कापायचं असतं का?" मावशी म्हणाली.

काकांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "दाराशी ती इस्त्री परत आलीय ना, निदान तिच्यावर माझा शर्ट तरी कर. उद्यापासून मीच जातो काम शोधायला." उठून बसणंही त्यांना जमत नव्हतं. मावशीला हसू आलं, आणि हसता हसता ती रडली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. त्यांची रसभरीत वर्णनं करायची माझी इच्छा नाही. मावशी एका लाँड्रीत लागली, तिथून एका शाळेच्या स्वयंपाकघरात. ताई नर्स झाली आणि मग जरा श्वास घेता आला. जोडायचं काम मावशीनं सोडलं नाही. आता लोक स्वतःच्या वस्तू स्वतः घेऊन येत, त्यामुळे कुणी तिला चोर म्हणू शकत नव्हतं. पूर्वी जिनं पंखा परत आणून ठेवला होता, ती मिक्सर घेऊन आली. मावशीनं तिला पाऊण तास दारात उभं ठेवलं आणि मग जोडून दिला.

वरच्या आजींना भेटायला आम्ही एकदा मुलाच्या घरी गेलो. स्वयंपाकघरात काचेची नवी किटली होती, बोट टेकवलं की निळा दिवा लागणारी. थरथरतं बोट तिला कळत नसे. दिवा लागे आणि विझे, लागे आणि विझे. सून उठेपर्यंत आजी हसरा चेहरा करून बसून राहत. "माझी जुनी मोडली म्हणे," त्या मावशीला म्हणाल्या. मावशीनं मुलाकडे एक नजर टाकली. मुलगा मोबाइलमध्ये होता. "हो, मोडली," मावशी म्हणाली. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती जे बोलली ते मी इथं लिहू शकत नाही.

काही वर्षांनी वारं बदललं. डेपोत दुरुस्तीचा कक्ष निघाला. लांब टेबल, भिंतीवर पॉइंटची रांग, शिकलेला एक माणूस. चालू वस्तू वेगळ्या काढून गरजू घरांना द्यायच्या. वर्तमानपत्रात फोटो आला होता. हिरव्या पानांच्या चित्राखाली साहेब, आता आणखी मोठे साहेब झालेले, फीत कापत होते. कल्पना कुणाची, याचं उत्तरही खाली त्यांच्याच नावानं छापलं होतं. मी रागानं तो कागद मावशीपुढे टाकला. तिनं चष्मा लावून सावकाश पाहिला.

"फीत कापायला तरी बोलवायचं," ती म्हणाली. "अनुभव होता मला."

मी म्हटलं, आपण लिहू, तक्रार करू, निदान ती चोरी कागदावरून काढायला लावू. आम्ही लिहिलंही. उत्तर आलं की जुनी प्रकरणं पुन्हा उघडता येत नाहीत. ज्या कामासाठी डेपोला आता शाबासकी मिळत होती, त्याच कामाची चोरी तिच्या नावावर तशीच राहिली. अजून आहे.

मावशी मागच्या थंडीत गेली, झोपेत, काहीही न बोलता. आदल्या दिवशी मी तिच्याकडे होते. ती कुणाचा तरी टेबलपंखा मांडीवर घेऊन बसली होती. त्याच्या पाठीला असले स्क्रू होते की कुठलाच पेचकस लागू नये, आणि ते बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता. मी निघाले तेव्हा तिनं मला लोणच्याचा डबा भरून दिला. मी जिना उतरत होते, तेव्हा वरून तिचा आवाज आला.

"आणि डबा परत आण गं. झाकणासकट."